पाटीवरचं पहिलं नाव

शहरातल्या स्मृतिफलकांची देखभाल त्याच्याकडे होती. कोण कुठल्या घरात जन्मलं, कुठल्या चौकात भाषण करून कोण तुरुंगात गेलं, सगळं त्याला तोंडपाठ. लोक त्याला पॉलिशवाला म्हणत आणि त्याला त्याचा राग येत नसे.

जळालेल्या नाट्यगृहाच्या भिंतीवरची पितळी पाटी मात्र तो मुद्दाम शेवटी घ्यायचा, म्हणजे घाई नको. त्या आगीत गेलेल्या पाच अग्निशामक जवानांची नावं तिच्यावर होती. पहिलं त्याच्या दादाचं, कारण आत पहिला तोच शिरला होता. बाकीच्या चौघांवरून कपडा एकदाच फिरायचा, दादाचं नाव तो घासूनपुसून लखलखीत करायचा. पक्षपात होता खरा, पण धाकट्या भावाला एवढी मुभा असावी. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

एके सकाळी बोटांना दादाची अक्षरं लागेनात. पितळ झिजून गुळगुळीत होत आलं होतं. आपल्याच मायेनं ते झिजवलं, हे लक्षात येऊन त्याला फार वाईट वाटलं.

घरी आई भिंतीवरच्या फोटोसमोर उभी होती.

"हा हेल्मेटवाला कोण रे?"

"दादा आहे तो, आई."

"कुणाचा दादा?"

वय झालं आता तिचं, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण दुसऱ्या दिवशी बाजारात दादाच्या बंबाचा म्हातारा ड्रायव्हर भेटला.

"चौघं गेली आमची," नाट्यगृहाचा विषय निघताच तो म्हणाला.

"पाच, काका."

ड्रायव्हरने बोटांवर नावं मोजून दाखवली. चारच भरली.

तो तडक नाट्यगृहाकडे धावला. त्याने पाटी भिंतीवरून उतरवली आणि अक्षरं कोरणाऱ्या कारागिराचं दुकान गाठलं. सामान आणायला पाठवलेलं पोर पुटपुटतं तसा तो वाटभर ते नाव पुटपुटत होता.

कारागिराने पाटी उजेडात धरली. "वरची जागा मोकळी का सोडलीय?"

"मोकळी नाही. नाव होतं. तेच पुन्हा कोरायचंय."

"सांगा."

"दादा."

"दादा झालं. नाव काय त्यांचं?"

जिभेवर काहीच येईना.

त्याने घाईघाईने घरी फोन लावला. "आई, तुझ्या थोरल्याचं नाव सांग. लवकर."

"कुठला थोरला? एकुलता एक तू माझा."

त्याने फोन खिशात ठेवला.

"मग काय कोरू?" कारागिराने विचारलं.

"राहू द्या," तो म्हणाला. इथे कशाला आलो होतो, ते त्याला नीटसं आठवत नव्हतं.

पाटी पुन्हा भिंतीवर बसवून त्याने कपडा काढला. चारही नावं एकेकदा पुसली.

मग हात आपसूक वरच्या गुळगुळीत जागेवर गेला आणि घासत राहिला.

तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. एवढं रडू कशाचं येतंय, ते त्याला कळेना.