बशीतली सवत

मध्येच हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या मावसबहिणीवर गुदरलेली गोष्ट आहे, आणि ती काही थापा मारणारी बाई नाही.

तिचा नवरा प्रयोगशाळेत माणसाची कातडी वाढवायचा, भाजलेल्यांना लावायला. जिवंत पेशी मऊ जेलमध्ये कालवायच्या, यंत्राने थरावर थर छापायचे आणि उबदार कपाटात ठेवायचे. बाकीचे तुकडे चार दिवसांत मरत. एकच जगला होता. त्यातल्या पेशी त्याच्या पहिल्या बायकोच्या. जाण्याआधी तीच देऊन गेली होती.

बहिणीला हे लग्नानंतर कळलं. नवरा रोज त्या तुकड्याचं खाद्य बदलायला जायचा, आणि हिने वाढलेलं ताट निवून जायचं. मेलेल्या बाईवर कुणी जळतं का? ही जळायची. आतल्या आत, वर्षभर.

त्या मंगळवारी नवरा तापाने फणफणला. रात्री साडेअकराला त्याने तिच्या हातात किल्ली दिली. बशीतलं जुनं खाद्याचं पाणी काढायचं, ताजं घालायचं, एवढंच काम. वर म्हणाला, "अगं, जपून हं. तिला थंडी सोसत नाही."

तिला. तुकड्याला नव्हे... तिला.

रस्ताभर तो शब्द तिच्या डोक्यात घुमत होता. प्रयोगशाळेत पोचल्यावर तिने खाद्याची बाटली उचललीच नाही. कोपऱ्यातली फिनेलची उचलली. कपाटातून बशी काढली, झाकण उघडलं. टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा. गोरा, ओलसर.

"आता बघू, हे कुणाकडे येतात ते," ती म्हणाली.

तुकड्यावर काटा आला.

एक केस नाही त्या कातडीला. तरी... काटा.

तिने बाटली तिरकी केली. कुणीतरी तिचं मनगट धरलं.

घट्ट नाही. घरातली बाई धरते, तसं. खोलीत कुणी नव्हतं. दिवा लख्ख होता.

पकड उबदार होती...

ती कशी सुटली, घरी कशी आली, तिला आठवत नाही. फिनेलचा थेंब सांडला नव्हता. दुसऱ्या दिवशी नवरा गेला, तर बशी कपाटात जागच्या जागी, झाकण लावलेलं. आत काहीच नाही.

बहीण तेव्हापासून लांब बाह्यांचे कपडे घालते. मला एकदा तिने बाही सारून दाखवलं. मनगटावर एक लहानसा चौकोन, बाकी हातापेक्षा उजळ. रात्री झोपेत नवरा तोच हात उशाशी ओढून घेतो.

ती कूस बदलते. मनगट तिकडेच राहतं.