टोपीआडचा चेहरा

“हलू नका. तुमच्या पाठीवर घोडा आहे.”

परदेशातल्या टॅम्पिनीस उपनगरातल्या ब्लॉकची लिफ्ट, साल दोन हजार चौदा, आणि मागून हे वाक्य. असं ऐकल्यावर कोण न हलता राहील? वल्लरी गर्रकन वळली. मागे एक उंच मुलगा ओला कॅनव्हास धरून उभा, चेहरा पार ओशाळलेला. लिफ्टच्या आरशात तिला तिची पाठ दिसली. पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर तपकिरी घोडा उमटला होता. आईशी फोनवर मराठीत बोलता बोलता ती मागे सरकत थेट कॅनव्हासला टेकली होती; ते बोलणं ऐकूनच त्याला मराठी सुचलं असावं.

“सॉरी... तैलरंग आहेत. इथल्या दमट हवेत वाळता वाळत नाहीत. रूममेटला वास सोसत नाही, म्हणून खाली वाऱ्यावर ठेवायला निघालो होतो.”

“आणि घोडाच का?”

“अमेरिकेतला रँच आहे हा. गुरं, घोडे, लाल डोंगर—”

“गेला होतात?”

“छे. यूट्यूबवर पाहिला.”

वल्लरीला रागवायचं होतं, पण हसूच आलं.

मुकुल त्याचं नाव. नोकरी जुरोंग आयलंडवरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, इंजिनिअरची. चित्रकला कुणी शिकवलेली नव्हती, चुकत चुकत हात बसला होता. कुर्त्यावरचा डाग काही गेला नाही आणि मुकुलही गेला नाही. दर शनिवारी बेडोकच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर दोघांची कोपी, म्हणजे तिथली दाट गोड कॉफी, ठरून गेली, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

“तुझे काउबॉय सगळे झोपलेत का रे?” तिने एकदा विचारलं. “प्रत्येकाची टोपी नाकापर्यंत.”

“चेहरे जमत नाहीत मला,” तो म्हणाला. “घोडा चुकला तर घोडा काही बोलत नाही. माणूस चुकला की वाईट वाटतं.”

मग एका शनिवारी तो धापा टाकतच आला. “वल्लरी, टेक्सासला बदली झाली. आता खरा रँच बघणार मी.”

‘नको जाऊस’ अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण थांबवलं, तर जन्मभर आपणच त्याच्या नि त्या लाल डोंगरांच्या मध्ये उभ्या... तिने अभिनंदन केलं आणि उगाचच आणखी एक कोपी मागवली.

निघायच्या आदल्या शनिवारी त्याने टेबलावर एक चित्र ठेवलं. लाल डोंगर, लाकडी कुंपण, आणि कुंपणाशी मागे वळून पाहणारी मुलगी. पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीवर तपकिरी घोडा. डोक्यावर टोपी नव्हती. एक डोळा मोठा, एक लहान, नाक तर भलत्याच कुणाचं.

“ओळखू येतेस का?” त्याने खालमानेनं विचारलं. “कितीदा खोडलं. टोपी घालून मोकळं व्हावं असंही वाटलं... पण तुला लपवायचं नव्हतं.”

वल्लरीचे डोळे भरून आले. “डावा डोळा चुकलाय.”

“माहितेय. तू रोज समोर असलीस तर—”

“तर काय? पूर्ण कर की.”

“तर जमेल. येशील माझ्याबरोबर? मला तू फार आवडतेस, वल्लरी.”

“येईन,” ती म्हणाली. “पण आईला फोन तू करायचास. आणि हे चित्र तिला दाखवायचं नाही, ही आपली मुलगीच नव्हे म्हणेल.”

तिने चित्रातल्या चेहऱ्याकडे बोट नेलं, तसा त्याने पटकन तिचा हात धरला.

“अजून ओलं आहे ते.”

“असू दे,” ती म्हणाली, आणि हात काही सोडवून घेतला नाही.