एक आकार मोठा

"हा घेऊ नका," दुकानदार म्हणाला, आणि तिचा संशय बळावला.

तिच्या हातात दुकानातला सगळ्यात महाग गेमिंग माऊस होता – अकरा बटणं, पोटात निळा दिवा. घरच्या कॉम्प्युटरचा बिनवायरचा माऊस आदल्या दिवशी ऐन लढाईत चार्जिंग संपून गतप्राण झाला होता. आता वायरवालाच हवा होता. ज्याची दोन्ही टोकं दिसतात त्यावरच तिचा विश्वास बसे. विमा कंपनीत दावे तपासायचं काम. नऊ वर्षांत आपोआप पेटलेली इतकी गोदामं पाहिली होती, की आपोआप हसणारी माणसंही तिला पटेनाशी झाली होती. दोन भल्या माणसांना तिनं कागदपत्रं अपुरी असल्यासारखं परत पाठवलं होतं. 'तिसऱ्यालाही असंच घालवशील आणि जन्मभर फायलींशी संसार करशील,' असं वहिनी जेवताना न चुकता सांगायची.

"का घेऊ नको?"

"हात लहान आहे तुमचा. इथं ठेवा जरा."

त्यानं चौकटींचा कागद पुढे सरकवला आणि पंजाभोवती पेन्सिल फिरवली. करंगळीपाशी ती किंचित रेंगाळली... पण बोटाला बोट लागलं नाही. इतकं निर्दोष वागणंही तिला खटकलंच.

"पंजा टेकवून धरता, की बोटांच्या टोकांनी?"

"हे सगळ्यांना विचारता?"

"माऊस घेणाऱ्यांना."

त्यानं एक साधा, करडा माऊस दिला. "आठ दिवस खेळा. जमला नाही तर या, बदलून देईन."

तिसऱ्या दिवशी मनगट दुखायला लागलं. ती गेली नाही. ज्या अर्थी तो स्वतःहून या म्हणाला, त्या अर्थी त्यात काहीतरी असणार. सहाव्या दिवशी तिनं तपासाला वहिनीला धाडलं. "हात मोजतो की धरतो, एवढंच बघून ये."

वहिनी माऊस घेऊनच परतली. "मोजतो गं. पट्टीसारखा सरळ माणूस. आणि तो कागदही देतो आपल्याला, पुढच्या वेळी कामाला येईल म्हणून. तुझा कुठाय?"

तिचा कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती काउंटरपुढे उभी राहिली. "माझ्या हाताचा कागद?"

"तो... हरवला वाटतं."

"कधी?"

"परवा."

"कुठं?"

"इथंच."

"इथं हरवलेलं इथंच असतं. ड्रॉवर उघडा."

त्यानं उघडला. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, सुरकुती न पडता ठेवलेला होता. कोपऱ्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं – 'लहान आकार द्यावा.'

"मला दिलात तो मधला आहे," करडा माऊस पर्समधून काढून काउंटरवर ठेवत ती म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. "मनगट दुखतंय?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग आला का नाहीत?"

"मी यावं अशी तुमची इच्छा दिसली म्हणून."

"होतीच." तो काचेकडे बघत राहिला. "म्हणूनच एक आकार मोठा दिला. वाटलं, अवघडल्यासारखं होईल, दुखेल असं नव्हतं वाटलं. असं मी कधी करत नाही हो... माझं चुकलं."

नऊ वर्षांत इतका सलग कबुलीजबाब तिच्या वाट्याला आला नव्हता. तिनं तो सगळीकडून ठोकून पाहिला. पोकळ आवाज कुठंच येईना, आणि त्यानंच ती घाबरली. असल्या प्रसंगी पुढे काय करतात, हे तिच्या फाइलीत नव्हतं.

त्यानं लहान माऊस काढून समोर ठेवला. "हा बसेल. फक्त... हा बसला की तुम्हाला परत यायचं कारण उरणार नाही."

तिनं त्यावर हात ठेवला. अगदी बेतशीर बसला. तिनं वायर गुंडाळून तो पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. त्याचा चेहरा पडला.

"दुकान किती वाजता बंद करता?"

"आठला."

तिनं गिऱ्हाइकांसाठीचं स्टूल ओढलं आणि बसली.

"अजून साडेसहाच झालेत," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.