बुधवारचा उपास

वाढणाऱ्याच्या हातातली बट्टी यशोदेच्या पानावर पडणार, तेवढ्यात आबांनी आपला पंजा मध्ये धरला.

“तिना उपास शे, भाऊ. आणि मनाबी.”

वाढणारा तिशीचा असेल. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, कपाळावर घाम, कडेला बट्ट्यांची टोपली. बोदवडच्या त्या लग्नात तो नवरीकडचा होता, आणि घरची तरुण माणसं वाढायला उभी राहतात तसा उभा होता. तो पुढच्या पानाकडे सरकला नाही.

“आज?” त्याने विचारलं. “आज तर बुधवार.”

“मग?” यशोदा म्हणाली.

“नाही… बुधवारचा उपास पहिल्यांदाच ऐकतोय. कुणाचा असतो?”

“बुधाचा.”

“असं.” त्याने टोपली दुसऱ्या कडेला घेतली. “माझी वाराची चूक होत असेल तर सांगा हं. सकाळी सगळ्या जिल्ह्याला वार मीच सांगितलाय.”

तो जळगाव आकाशवाणीवर सकाळचा उद्घोषक होता. पितांबर त्याचं नाव. ही माहिती शेजारच्या पाटावरच्या बाईने न विचारता पुरवली, शिवाय अजून लग्न व्हायचंय हेही. थोड्या वेळाने तो केळ्यांची फणी आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन आला आणि बापलेकीच्या मध्ये ठेवून गंभीरपणे म्हणाला, “बुधाला केळं चालतं ना?”

यशोदेने मान खाली घातली. तिला हसू आलं होतं, आणि उपासाच्या बाईने पंगतीत हसावं की नाही हे तिला ठरवता येईना.

खरं तर तिला उपास कधीच नसे. लहानपणी सणासुदीनंतर तिचं पोट बिघडे, अंग सुकत जाई. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर पोरगी ठणठणीत, आणि पोळ्यांचा सण आला की अंथरूण धरी. ती सात वर्षांची असताना जळगावच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला दोन आठवडे ठेवून घेतलं आणि सांगितलं, हिला गहू द्यायचा नाही. औषध नाही, उतारा नाही. फक्त गहू नाही, कधीच. गावी सोनगीरला परतताना एसटीतच आबांनी निकाल लावून टाकला. आजार म्हणायचा नाही, उपास म्हणायचा. आजारी पोरीला कुणी करून घेत नाही. उपासाच्या पोरीच्या लोक पाया पडतात.

तेव्हापासून लग्नाची पत्रिका आली की आई आधी वार बघे आणि मग देव ठरवी. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा. धुळ्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी, देवळात क्वचितच जाणारी यशोदा पंचक्रोशीत फार सोवळी म्हणून नावारूपाला आली. बायका तिला व्रतांचे नियम विचारायला येत, आणि ती ते पुस्तकात बघून सांगे.

आबांचा उपास मात्र त्यांनी कुणाला विचारून धरला नव्हता. पहिल्याच लग्नात सात वर्षांची पोर एकटी कडेला बसलेली त्यांना बघवली नाही, म्हणून ते आपला पाट घेऊन तिच्याजवळ आले. मग तो पाट तिथून हललाच नाही. बावीस वर्षं गिरधर आबा प्रत्येक पंगतीतून गव्हाचा घास न खाता उठत आले होते. आणि आबा खाण्याचे शौकीन! दुसऱ्याच्या वरणाला फोडणी कशाची बसली आहे हे ते चार पानं पलीकडून ओळखत.

संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये आबा खिडकीशी बसले होते. भुसावळ मागे पडल्यावर ते म्हणाले, “बट्टीवरलं तूप घरनं व्हतं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“वास सांगस ना.”

यशोदा “हं” म्हणाली. तिच्या डोक्यात टोपलीवाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रेडिओ लावला. एरवी ती तो लावत नसे. आवाज ओळखीचा निघाला… कालच्यापेक्षा जरा इस्त्री केलेला. “आज गुरुवार,” तो म्हणाला, आणि वार सांगताना त्याच्या आवाजात किंचित हसू होतं, निदान तिला तसं वाटलं. ते खरंच होतं का हे कळावं म्हणून ती रेडिओजवळ अजून थोडी थांबली. बाहेर ओट्यावर आबा चहाची वाट बघत बसले होते. आई चहा घेऊन गेली तेव्हा त्यांची मान छातीवर आली होती.

डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं आणि सोडलं. रेडिओ कुणी बंद केला ते यशोदेला आठवत नाही.

हे पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीतलं. तेराव्यानंतर ती पुन्हा सकाळच्या एसटीने धुळ्याला जाऊ लागली. पुस्तकं घ्यायची, शिक्का मारायचा, रांगेत लावायची. मार्चमध्ये एका सोमवारी तिच्या टेबलासमोर पितांबर उभा होता. आबांचं कळलं, म्हणाला, येणार होतो, सोनगीरला यायचा धीर झाला नाही. मग जरा थांबून म्हणाला की केळीच्या इतिहासावर कार्यक्रम करायचाय, संदर्भ हवेत. शिपायाने कँटीनमधून चहा आणि खारी आणली.

“घ्या ना,” त्याने बशी पुढे केली.

“सोमवार.”

“खरंच की.”

पुढच्या खेपेला गुरुवार होता. त्यापुढे शनिवार. प्रत्येक वेळी खारीची बशी दोघांच्या मध्ये तशीच राही आणि शेवटी शिपाई उचलून नेई.

“तुमच्याकडे मोकळा वार एखादा असेलच की,” तो एकदा म्हणाला.

“सूची बघून सांगावं लागेल.”

“मला दाखवाल सूची?”

“फक्त सभासदांना दाखवतो.”

“मग होतो सभासद.”

“जळगावहून? नव्वद किलोमीटर?”

“पुस्तक परत करायला यावंच लागेल ना… नाहीतर तुम्ही नोटीस पाठवाल.”

आणि तो येत राहिला. पुस्तकं तो खरोखर वाचून आणी, हे तिला त्याच्या येण्यापेक्षाही आवडलं. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा असत. ती त्याला त्याबद्दल रागावे, आणि त्या खुणा खोडण्याआधी एकदा वाचून घेई. पण त्याचा आवाज ऐकला की तिला बोदवडची पंगत आणि रेडिओजवळची ती सकाळ एकदम आठवत, आणि ती सकाळ तिला आठवायची नव्हती.

जूनमध्ये त्याच्या थोरल्या बहिणीने, सुनंदाताईने, सोनगीरला मागणीचा निरोप धाडला. वनाकाका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, लगेच तयार झाले. घरात बाप गेला की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं ते म्हणत होते. आणि यशोदेला तीन वर्षांनी कोण विचारणार, हे ते म्हणत नव्हते. एकदा काकांबरोबर ती ताईंच्या घरी चहाला जाऊन आली. तिथे बिस्किटं होती. शुक्रवार होता.

मग जेवणाचं ठरलं. यशोदा निघताना आईने तिच्या पदराची टोकं सारखी केली.

“तिठे काही सांगू नको. लगीन व्हई गयं का मग सांगता येस.”

“आणि आत्ताच सांगितलं तर?”

“आबास्नं नाव खराब व्हई, यशोदे. बावीस वरीस त्यास्नी जीभ खोटी करी.”

आबा शब्दाचे पक्के म्हणून गावात तंटे मिटवायला त्यांना बोलावत. आता ते स्वतःच्या बाजूने बोलायला येऊ शकत नव्हते.

अजिंठा बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी जळगावात हमरस्त्यावर नवं हॉटेल झालं होतं, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर इटालियन जेवणाचं दालन. ताईंच्या यजमानांनी तिथल्या विजेचं काम केलं होतं, म्हणून जागा त्यांनी निवडली. वार पितांबरने निवडला. बुधवार.

काचेबाहेर भुरभुर पाऊस होता. आत भर दुपारी मेणबत्त्या लावल्या होत्या. पांढरे हातरुमाल पंख्यासारखे दुमडून पेल्यांत उभे केलेले. वनाकाकांनी आपला रुमाल उलगडला, घाम पुसला आणि खिशात घातला. ताईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पाव आला. मग कार्ड आलं. यशोदेने ते वरपासून खालपर्यंत वाचलं: पिझ्झा, स्पॅगेटी, मॅकरोनी, लसानिया. कणीक नाही तर मैदा, मैदा नाही तर रवा. एका अख्ख्या देशाने तिच्याविरुद्ध कट केल्यासारखा तो कागद होता. इतरांनी सांगितलं ते आलंसुद्धा. काकांनी काट्याने ताट ढवळलं.

“ह्या ते शेवया शेतस!”

“स्पॅगेटी म्हणतात काका,” ताई म्हणाल्या.

“म्हनू द्या. पण तिखट शेवया?” त्यांनी घास घेतला, विचार केला, दुसरा घेतला. “चालस.”

वेटर यशोदेजवळ थांबला. “मॅडम, आपल्याला?”

“तिना उपास शे,” काका तोंडातला घास आवरत अभिमानाने म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. “मनी पुतनी बठ्ठा वार धरस, एकबी सोडस नई.”

सुनंदाताईंनी काटा खाली ठेवला. “घरी आलात तेव्हाही उपास. आज मुद्दाम बोलावलं, आजही उपास. वनाकाका, मुलीने आमच्या ताटाला हात लावला नाही, याचा अर्थ आम्ही काय घ्यायचा ते तुम्हीच सांगा.”

काका गोंधळले. पितांबर उठला. “दोन मिनिटं बोलू का?” त्याने यशोदेला विचारलं, आणि दोघं काचेशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर केळ्यांचे ट्रक भिजत उभे होते.

“आजचा वार मी मुद्दाम शोधून काढला,” तो म्हणाला. “एकादशी नाही, चतुर्थी नाही, प्रदोष नाही. बुधाचं तर मी तीन पंचांगांत बघितलं.”

“सापडला?”

“नाही.” तो हसला नाही. “हे बघा, मी नको असेन तर नको म्हणा. मला वाईट वाटेल, पण मी समजून घेईन. पुस्तकं मात्र वेळेवर परत करीन. फक्त… मध्ये देव आणू नका.”

तर त्याला असं वाटत होतं! पाच महिने ती बशी नव्हे, आपल्यालाच बाजूला सारतेय, असं त्याला वाटत होतं.

बोलायचं तर आबांची बावीस वर्षं काकांसमोर उघडी पडणार होती. नाही बोलायचं तर हा माणूस जिना उतरून जाणार होता. तिसरा रस्ता आईचा: आज सांभाळून न्यायचं आणि मग जन्मभर वार मोजत बसायचं, याच्याच घरात, याच्याच शेजारी.

“मला तिथे बोलायचंय,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर.”

टेबलाशी येऊन ती बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

“वनाकाका, माझा उपास नाही. कधीच नव्हता. मला गहू सोसत नाही. सातव्या वर्षापासून. ताई, तुमची बिस्किटं मी त्यामुळे घेतली नाहीत. बोदवडची बट्टी त्यामुळे. ग्रंथालयातली खारी त्यामुळे. उपास आबांनी काढला होता, मला कुणी नाव ठेवू नये म्हणून.”

काकांचा काटा हवेतच होता. शेवया त्यावरून हळूहळू खाली सरकल्या.

“म्हंजे आबा खोटं बोलना?”

“हो.”

“बावीस वरीस?”

“हो, काका.”

“आणि त्याना सोताना उपास? तोबी खोटा?”

यशोदेने खुर्चीची पाठ सोडली.

“नाही,” ती म्हणाली. “आबांचा खरा होता.”

काकांनी काटा ताटात ठेवला. “मना लगीनमा मी त्याले हात जोडेल व्हतात,” ते म्हणाले. “एक बट्टी खाय म्हनं, भाऊ. त्यानी केळंच खादं.” त्यांनी खिशातून हॉटेलचा रुमाल काढला आणि या वेळी डोळे पुसले.

“औषध नाही काही?” सुनंदाताईंनी विचारलं.

“नाही.”

“पुढे मुलाबाळांना…?”

“माहीत नाही, ताई. सांगता येत नाही.”

ताई पितांबरकडे बघत होत्या आणि पितांबर यशोदेकडे. त्याच्या चेहऱ्यावर इतका मोठा सुटकेचा भाव होता की ताईंनी एक उसासा टाकला आणि कार्ड पुन्हा हातात घेतलं. “बस आधी. उपाशी काय उभी राहिलीस? यात तुला चालण्यासारखं काय आहे ते बघू.”

वेटर इतका वेळ तिथेच होता. “शेवटच्या पानावर रिसोतो आहे, मॅडम. भातच असतो. फक्त… जरा गिच्च.”

“त्यात पीठ?”

“आचाऱ्याला विचारून येतो.”

तो आत जाऊन आला. पीठ नव्हतं.

“मग दोन आणा,” पितांबर म्हणाला आणि आपल्यासमोरचं मॅकरोनीचं ताट बाजूला सारलं. “हे घेऊन जा. आजपासून माझ्याही घरात गहू बंद. ही जे खाईल ते मी.”

अगदी सहज म्हणाला तो. ताईंना ते कौतुकाचं वाटलं, काकांनीही मान डोलावली. वेटरने ताटाला हात घातला.

यशोदेने तो हात थांबवला.

कडेला ओढलेला पाट तिने बावीस वर्षं पाहिला होता. आबांना बरं वाटत होतं, तिलाही बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्यात तिने एक साधं वाक्य कधी उच्चारलंच नव्हतं. आता ज्याला ते म्हणायला हवं होतं तो ऐकायला नव्हता. तिने ताट उचललं आणि पितांबरच्या पुढ्यात परत ठेवलं.

“तुम्ही जेवा,” ती म्हणाली.

“अहो, पण तुम्ही एकट्या…”

“एकटी कशी? तुम्ही समोर आहात ना. माझ्यासाठी काही सोडू नका. तुम्हाला आवडतं ते, पोटभर जेवा.” तिने काटा त्याच्या हाताशी सरकवला. “मला तुम्हाला जेवताना बघायचंय.”

पितांबरने काटा हातात घेतला. कानांपर्यंत लाल झाला होता तो.

“आज?” त्याने विचारलं.

“रोज,” यशोदा म्हणाली.