तळातलं पाणी

"अवो, तळ कशाला खरवडताय? तळातलं पाणी पाखरांचं हाय!"

मी ओरडले आणि झऱ्यावर वाकलेला तो दचकून उभा राहिला. हातात वाटी, पायाशी पाण्याचा भलामोठा जार, चष्म्यावर चिखल... हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

"आमच्या परभणीकडे दिसेल ते पाणी भरून घ्यायचं असतं," तो ओशाळून म्हणाला. हा स्वानंद. आमच्या भरे गावात भाड्याने खोली घेऊन राहतो, हिंजवडीला कंपनीत जातो. गावातल्या बोअरचं पाणी मचूळ, म्हणून पिण्यापुरतं सगळी वस्ती टेकडीखालच्या या झऱ्याचं नेते. पण वरवरचं घ्यायचं आणि झरा पुन्हा भरेपर्यंत थांबायचं, ही आमची जुनी रीत.

"किती वेळ थांबायचं?"

"त्याच्या मनात येईल तवर. बसा की!"

तो बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. कधी ओंजळभर करवंदं आणायचा, कधी नुसताच बघत राहायचा – आणि मी उगाचच ओढणी सारखी करायचे. एप्रिल सरता सरता माझं असं झालं, की हंडा भरला की वाईट वाटायचं!

आणि एका सकाळी मी आईबरोबर गेले, तर हा पेट्रोलवरचा पंप घेऊन हजर.

"तुझ्या हातांना घट्टे पडलेत, जुईली. आता दोरी ओढली की हंडा भरेल."

आई हरखलीच. "पोरगं गुणाचं हाय गं!"

मी मात्र पंपाच्या आडवी उभी राहिले. "पंप लावला तर झरा उन्हाळा काढायचा न्हाई. धार करंगळीएवढी ऱ्हायलीय. मग समद्या वस्तीनं टँकरकडं डोळे लावून बसायचं. आन्..."

"आणि काय?"

"आन् मग आपण हितं बसायचं कशाला?"

बोलून गेले आणि कानापर्यंत तापले. आईला एकाएकी पलीकडच्या जाळीतली करवंदं दिसली.

स्वानंदने पाईप गुंडाळला आणि माझ्या शेजारच्या दगडावर येऊन बसला. एक साळुंकी आली, पाणी पिऊन गेली.

"जुईली... आपण दोन घरांचं पाणी नेतो. एकाच घरात राहिलो तर – एका हंड्यात भागेल?"

माझे डोळे भरून आले. हा माणूस मला आवडत होता, फार आवडत होता.

"भागंल," मी म्हणाले. "पर तळ खरवडायचा न्हाई."

"नाही खरवडणार. कधीच."

जाळीआडून आईचा आवाज आला, "आगं, झरा कवाचा भरलाय!"