मेंदीच्या रंगाची चूक

भर दुपारी चौथ्या मजल्यावरच्या साड्यांच्या पेढीत अनुजा काळा गॉगल लावून कॉम्प्युटरसमोर बसली होती. व्यापाऱ्यांच्या वेबसाइटवरचे फोटो पाहायचे, रंग लिहून डाइंगला, म्हणजे रंगाच्या कारखान्याला, चिठ्ठी पाठवायची, हे तिचं काम. पांढऱ्याफेक स्क्रीनने डोळ्यांची नुसती आग व्हायची. आणि नेमका तेव्हाच प्रिंटर दुरुस्त करायला सौरभ आला.

"आत ऊन फार आहे का?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"हसू नका. डोळे दुखतात माझे."

"मग गॉगल ब्राउझरला घालू. सेटिंगमध्ये जाऊन डार्क निवडायचं. काही साइट लगेच ऐकतात…" माउस घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, दोघांनीही न लागल्यासारखं केलं. "न ऐकणाऱ्यांसाठी हे दुसरं बटण — सरसकट सगळंच काळं करतं."

स्क्रीन काळोखली, डोळे निवले. मग प्रिंटर रोजच बिघडू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. चहावाल्या लोटूला कळलं असावं, कारण तो न विचारता दोन कप आणायचा.

पंधराव्या दिवशी डाइंगहून बारा साड्या आल्या, एका लग्नघरच्या हळदीसाठी. उघडल्या तर गडद मेंदी रंग! त्या सरसकट बटणाने फोटोतला फिका पिवळाही गडद करून दाखवला होता, आणि अनुजाने सोबत आलेला कापडाचा नमुना न बघताच 'मेंदी' लिहून दिलं होतं.

"बेन, आ हळदर छे?" पेढीच्या गुजराती शेठनी विचारलं.

नोकरीला जेमतेम तीन महिने झाले होते. बमरोलीला घरी काय सांगायचं? आणि नोकरी गेली तर सौरभ तरी कुठला भेटायला?

प्रिंटरपाशी बसलेल्या सौरभने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "शेठ, चूक माझी. सेटिंग मी केलं होतं."

"नमुना मी बघितला नाही," अनुजा म्हणाली. "चूक माझीच आहे."

"पहले तय कर लो, किसकी है," शेठ हसू दाबत म्हणाले. "शादी को दस दिन है. पीली फिर से रंगवाओ. ये भी बिक जाएगी."

शेठ आत गेले. सौरभने साड्यांच्या साइट पुन्हा उजेडात आणल्या, बाकीच्या काळ्याच ठेवल्या.

"माझ्यामुळे झालं सगळं… आता नाही येत मी," तो म्हणाला.

"त्या बारांतली एक साडी मी घेतेय," ती म्हणाली.

"चुकलेल्या रंगाची?"

"मेंदीला चालेल की. माझ्या." तिने मान वर केली नाही. "हळदीची पिवळी मात्र तू आणायचीस. कापड हातात धरून, नीट बघून."

सौरभने स्क्रूड्रायव्हर उचलून पिशवीत टाकला.

"आज पाचला निघशील?" त्याने विचारलं. "उजेड आहे तोवर पिवळी बघून घेऊ."