खंड्या आणि एक जानेवारी

खंड्या बांधावरच्या काठीवर येऊन बसला, परेशने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि कॅमेऱ्याने विचारलं – आज तारीख काय?

कॅमेऱ्याची ही जुनी खोड. त्याच्या पोटात घड्याळापुरता एक बारीक सेल होता, तो केव्हाच गतप्राण झाला होता. त्यामुळे मोठी बॅटरी चार्जिंगला काढली, की कॅमेरा सगळं विसरायचा आणि परत घातली की एक जानेवारीपासून नव्याने आयुष्य सुरू करायचा. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "सेल आत डाख देऊन पक्का केलेला आहे. मॉडेल जुनं झालं. त्यापेक्षा नवीन घ्या ना." हेच वाक्य एक दिवस कोणीतरी आपल्याबद्दल आईला सांगेल, अशी परेशला धास्ती होती.

तरी तो प्रत्येक वेळी इमानाने साल, महिना, दिवस भरायचा. आताही भरत होता. भादव्याचं कोंदट आभाळ खाडीवर वाकलं होतं, उजेड शाईत बुडवल्यासारखा... आणि खंड्या उडाला.

"गेला," मागून आवाज आला. "दोनदा बसला होता. तुम्ही बटणं दाबत होतात."

परेशने वळून पाहिलं. एक मुलगी – हातात जेवणाचा डबा, सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायांना चिखल आणि चेहऱ्यावर हसू न दाखवण्याचा सपशेल फसलेला प्रयत्न.

"तारीख टाकत होतो," तो म्हणाला.

"खंड्याला काय करायचीय तारीख?"

परेश विरारला मनवेलपाड्यात राहायचा आणि अंधेरीच्या एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचा. कागद अपुरे असतील तर दावा परत पाठवायचा. आठवडाभर हेच केल्यावर रविवारी माणसाला पक्षी बघावेसे वाटतात, कारण पक्षी दावा करत नाहीत. पण सवय जात नाही. खंड्यापुढेही तो आधी कागद पुरे करत बसायचा.

"मनाली, कोन हाय गो तो?" शेतातून तिच्या वडलांनी, नथूकाकांनी, विचारलं.

"फोटोवाला आहे, बाबा. तारीख विचारतोय!"

"पानी दे त्याला. डोकं फिरलेलं दिसतं."

ती पाण्याची बाटली घेऊन परत आली तेव्हा गडबडीत परेशचं बोट बटणावर पडलं. अर्धा चेहरा, उडालेली ओढणी, मागे राखाडी खाडी. फोटो हलला होता. रात्री त्याने बाकीचे सगळे सरळ फोटो पुसले आणि हा ठेवला.

त्या दिवसापासून त्याने तारीख भरणं सोडलं. कॅमेऱ्याने विचारलं, की सरळ 'ठीक' दाबायचं. म्हणून मग भादव्यातला रविवारही एक जानेवारी, दिवाळीही एक जानेवारी, आणि होळीला तिने गालाला हिरवा रंग फासून काढून घेतलेला फोटोही एक जानेवारीच.

मनाली वसईत एका दंतवैद्याकडे बसायची. रुग्णांना नंबर द्यायचा आणि ओरडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून पंखा मोठा करायचा, एवढं काम, असं ती सांगायची. रविवारी ती बांधावर यायची. परेशही यायचा. दोघंही पक्ष्यांसाठी यायची.

घरी वेगळी कथा. दमट हवेने लेन्सला बुरशी येते म्हणून परेश कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचा. आई, म्हणजे मनोरमाबाई, रोज संध्याकाळी ओरडायच्या, "तुझं ते यंत्र काढ रे, भात लावायचाय." एकदा त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं.

"पक्षी कुठायत यात?"

"आहेत ना... मागे आहेत."

"मागे झाड आहे."

"झाडात आहेत."

त्या दिवशी त्यांनी कॅमेरा काढताना त्यावरचे तांदूळ पदराने पुसले, एवढंच.

खरा छळ लॅपटॉपमधल्या फोटोंच्या सॉफ्टवेअरचा होता. ते आधी एकदाच विकत घेता यायचं, आता दरमहा भाडं मागायचं. बरोबर रविवारी रात्री स्वतःला अद्ययावत करायला बसायचं. हौसेने ते मराठीत केलं, तर सरकारी परिपत्रकासारखं बोलायला लागलं. त्यातून त्याला माणसांचे चेहरे ओळखायची खाज. पहिल्यांदा मनालीचा चेहरा पाहून त्याने विचारलं, 'सदर व्यक्तीचे नाव नोंदवा.' परेशला खरं नाव लिहायचा धीर होईना. त्याने लिहिलं – खंड्या. मग दर नव्या फोटोला प्रश्न यायला लागला: 'सदर व्यक्ती खंड्या हीच आहे का? हो. नाही. सांगता येत नाही.' परेश दर वेळी 'सांगता येत नाही' दाबायचा. विमा कंपनीचं मीठ खाल्लेलं होतं.

पुढच्या श्रावणात तो लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेला. नथूकाकांना भातलावणीचे फोटो बघायचे होते. बघता बघता ते भिंतीला टेकून घोरायला लागले. पत्र्यावर पाऊस एकसुरी वाजत होता. दुपार असून दिवा लावावा लागला होता. मनाली स्क्रीनपाशी सरकली. तिच्या केसांतला ओला सोनटक्का लॅपटॉपच्या गरम वाऱ्याने जास्तच दरवळायला लागला...

"हे काय? मी खंड्या?"

"ते... तेव्हा दुसरं काही सुचलं नाही."

"बरं झालं बगळा नाही सुचला." ती खाली खाली सरकत गेली. "आणि हे सगळं एक जानेवारीला?"

"कॅमेऱ्याचा घोळ आहे."

"सकाळी पावसात भिजले, दुपारी स्वेटर घातला, लगेच रंग खेळले आणि संध्याकाळी आकाशकंदील लावला. एका दिवसात! दमले असेन हो मी."

"तसं वाटत नाही फोटोत."

"कशी वाटते?"

परेशने चष्मा काढला. पुसला. परत घातला. "फोकस बरा आला आहे," तो म्हणाला.

ती हसली. मग हसणं थांबलं, तरी नजर स्क्रीनवरच होती. बोटाने ती लॅपटॉपच्या कडेवरची धूळ पुसत होती – धूळ नव्हतीच तिथे.

"मग तुमच्या या दिवसाला... उद्या आहे की नाही?"

पाऊस वाजत राहिला. नथूकाकांचं घोरणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. परेशला प्रश्न कळला होता. उत्तरही माहीत होतं, जिभेच्या टोकावर होतं. फक्त ते पाठवण्याआधी एकदा नीट तपासून घ्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"सेल बदलावा लागेल," तो म्हणाला. "पण तो आता मिळत नाही."

मनालीने त्याच्याकडे पाहिलं. रुग्णाला 'डॉक्टर आज येणार नाहीत' सांगताना बघतात तसं. मग उठून म्हणाली, "चहा टाकते."

चहा चांगला झाला होता.

पुढे दोन-तीन महिने ती बांधावर आली नाही. दिवाळीनंतर आली ती रिकाम्या हाताने. आभाळ अवेळी भरून आलं होतं, ओहोटीने खाडी मागे हटली होती आणि नुसता चिखल चमकत होता.

"मनाली, मला एक सांगायचंय," परेश घाईघाईने म्हणाला. वाक्य त्याने श्रावणापासून तपासलं होतं, तरी चुकीच्या जागी तुटलं. "तुम्ही मला... म्हणजे पक्ष्यांसाठी मी येतच नव्हतो. पहिल्या दिवसानंतर कधीच नाही."

ती खाडीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "बॅटरी आत्ता चार्ज झाली होय?"

हसायचं होतं तिला. डोळ्यांना जमलं नाही.

"शुक्रवारी होकार दिला मी. बोर्डीचे आहेत. अल्पेश. चिकूची बाग आहे."

"कसे आहेत?"

"पहिल्याच भेटीत म्हणाले, मला तुम्ही आवडलात, तुमचं काय? मी म्हटलं, विचार करायला वेळ द्या. तर म्हणाले, द्या म्हणजे काय, घ्याच, मी बाहेर बसतो." ती पायाने मातीचं ढेकूळ फोडत राहिली. "आणि बसले खरंच. तासभर. बाबांनी तीनदा चहा पाजला."

परेशला त्या माणसाचा राग आणायचा होता. येईना.

"श्रावणात मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"कळलं होतं."

"कळलं होतं?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि लगेच उतरला. "मला वाटायचं, कळलं नसेल. ते बरं होतं."

समोरच्या काठीवर खंड्या येऊन बसला. चांगला ऐसपैस, चोच खाडीकडे करून. कॅमेरा परेशच्या गळ्यात होता. त्याने हात लावला नाही. दोघं बघत राहिली. खंड्याने सूर मारला, चिखलातून काहीतरी उचललं आणि गेला.

"साखरपुड्याला याल?" तिने विचारलं. "बाबा म्हणतात, फोटोवाला आणायचा कशाला, आपला आहे ना."

हौशी फोटोग्राफरच्या कपाळी हे असतंच. लोक त्याला कलाकार म्हणतात आणि समारंभाला फुकट बोलावतात. परेश गेला.

अंगणात मांडव, बायकांची लगबग, आणि पावसाळा संपूनही न हटलेलं आभाळ. मनाली मोरपिशी शालूत, नथ घालून खुर्चीत बसली होती. परेशने बॅटरी घातली. कॅमेऱ्याने विचारलं – आज तारीख काय? त्याचं बोट सवयीने 'ठीक'कडे गेलं...

"थांबा," मनाली म्हणाली. "इकडे द्या."

मेंदी लागलेल्या बोटांनी तिने साल भरलं, महिना भरला, दिवस भरला. एकही चूक नाही.

"आजचा फोटो त्या दिवसात नको," ती इतकंच म्हणाली, आणि कॅमेरा परत देताना तिचा हात थोडा जास्त वेळ राहिला. मग अल्पेश आला. परेशला बघून मनापासून हसला. "मनाली सांगते, तुम्ही फार धीराचे आहात. पक्ष्यासाठी तासन्‌तास बसता."

"हो," परेश म्हणाला. "दोघं जरा जवळ या."

फोटो उत्तम आले. एकही हलला नव्हता.

रात्री त्याने ते लॅपटॉपवर घेतले. एक जानेवारीखाली सगळा ढीग तसाच होता: पाऊस, स्वेटर, कंदील, हिरवा गाल, उडालेली ओढणी. त्याच्याखाली एक नवी तारीख उघडली, आणि तिच्यात आजचे फोटो बसले. सॉफ्टवेअर थोडा वेळ गोल गोल फिरलं. शालू, नथ, काजळ... त्याचा गोंधळ झालेला दिसत होता. मग प्रश्न आला.

'सदर व्यक्ती खंड्या हीच आहे का? हो. नाही. सांगता येत नाही.'

"कॅमेरा तांदळात ठेवू का रे?" स्वयंपाकघरातून आईने विचारलं. आज त्या ओरडल्या नव्हत्या. "भात झालाय माझा."

"ठेव," परेश म्हणाला.

आणि त्याने 'हो' दाबलं. लगेच. तपासून न बघता.

सॉफ्टवेअरने आभार मानले.